वजन कुठे जाते : अल्बिनी-हेल्ग स्टुडिओच्या मागावर मिलान, जिनोआ आणि रोम

पहिला दिवस : मिलान

मालपेन्सा विमानतळावरून सुटलेली रेल्वे मिलान शहराच्या मध्यभागी असलेल्या कादोर्ना स्थानकात पोहोचली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. माझी मावसबहीण, जी गेली अकरा वर्षे या शहरात नोकरी करते, मला घ्यायला आली होती. घरी जाण्यासाठी भुयारी रेल्वेच्या पायऱ्या उतरू लागलो आणि मी दुसऱ्याच पायरीवर थांबले, कारण ज्या कामासाठी इतक्या लांब आले होते त्याची सुरुवात तिथेच, माझ्या उजव्या हाताच्या तळव्याखाली झाली होती. लाल रंगाची पोलादी नळी भिंतीच्या कडेने सलग उतरत जाते आणि टोकाशी तुटक न संपता वळण घेऊन खाली येते. हा कठडा फ्रांको अल्बिनी आणि फ्रांका हेल्ग या इटालियन वास्तुरचनाकारांच्या स्टुडिओने रेखाटलेला आहे. ताई म्हणाली, "अगं, रोज धरते मी हा. कुणी मुद्दाम बसून काढला असेल असं कधी मनातच आलं नाही."

मी कोल्हापुरात लाकडी फर्निचर तयार करते. हे काम मी वडिलांच्या हाताखाली शिकले. रंधा हातात देण्यापूर्वी त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लावली होती : "वजन कुठं जातंय ते आधी बघ, मग बाकीचं." पुढे अनेक वर्षांनी एका मासिकात अल्बिनींच्या काचेच्या पुस्तक-मांडणीचे छायाचित्र पाहिले आणि तिचे वजन कुठे जाते हे मला सांगता येईना. हा प्रवास त्या छायाचित्रापासून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

मिलानच्या भुयारी रेल्वेचा हा पहिला, लाल मार्ग १ नोव्हेंबर १९६४ रोजी लोत्तो ते सेस्तो मारेल्ली असा सुरू झाला आणि त्यावर तेव्हा एकवीस स्थानके होती. रस्ता उकरून, खंदकाच्या दोन्ही बाजूंना आधी काँक्रीटच्या भिंती ओतून, वर छत घालून आणि मग खालची माती काढून हे काम झाल्यामुळे स्थानके जमिनीखाली फार खोल गेली नाहीत; मात्र त्यामुळे तिकिटांच्या मजल्यावर उंची कमी मिळाली आणि मिलानच्या गर्दीला त्या ठेंगण्या जागेत गुदमरू न देण्याची जबाबदारी वास्तुरचनाकारांवर येऊन पडली. अल्बिनी आणि हेल्ग यांनी भिंतींना दगडाच्या चुऱ्याचे तयार तक्ते लावले, जमिनीवर गोल उंचवट्यांचे काळे रबर अंथरले आणि डच रेखाटनकार बॉब नूर्दा यांनी स्थानकाचे नाव फलाटभर पुन्हा पुन्हा येईल अशी लाल पट्टी भिंतीवरून धावती केली. डब्याच्या कोणत्याही खिडकीतून डोके न वळवता नाव वाचता येते. या कामाला १९६४ साली इटलीतील रचनाक्षेत्राचा मानाचा पुरस्कार, 'कंपासो द'ओरो', मिळाला. मूळचे बरेच साहित्य आता बदललेले आहे. तरी दिवसभर आम्ही स्थानकामागून स्थानक उतरत राहिलो आणि कठडा जिथे जिथे सापडला तिथे मी तो धरला.

दुसरा दिवस : व्हिया तेलेसिओ

कोन्चिलियात्सिओने स्थानकापासून थोडे चालले की व्हिया तेलेसिओ हा शांत रस्ता लागतो आणि त्याच्या १३ क्रमांकाच्या इमारतीत अल्बिनी प्रतिष्ठान आहे. भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते.

अल्बिनींचा जन्म १७ ऑक्टोबर १९०५ रोजी मिलानच्या उत्तरेस, ब्रिआन्झा भागातील रोब्बिआते या गावी झाला. १९२९ साली ते मिलानच्या पॉलिटेक्निकमधून वास्तुरचनाकार झाले, काही काळ जिओ पोन्ती आणि एमिलिओ लान्चा यांच्या कार्यालयात राबले आणि १९३१ च्या सुमारास रेनातो कामूस व जानकार्लो पालान्ती यांच्यासह त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उघडला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रांका हेल्ग त्यात आल्या. त्यांचा जन्म १९२० चा, म्हणजे अल्बिनींपेक्षा त्या पंधरा वर्षांनी लहान. परंतु पुढील पंचवीस वर्षांतील जवळजवळ प्रत्येक मोठे काम दोघांच्या नावावर आहे, आणि असे असूनही अनेक लेखांत व चित्रांखालच्या ओळींत केवळ अल्बिनींचे नाव छापलेले मी वाचले आहे. ही चूक मला मनापासून खटकते. आमच्या धंद्यातही कपाट एकाच्या नावावर विकले जाते आणि सांधा दुसऱ्याने केलेला असतो. परंतु इथे तर दोघांनी मिळून सही केलेली कामे आहेत, त्यामुळे दुसरे नाव गाळण्याला कोणतीही सबब उरत नाही. १९६० च्या दशकात आंतोनिओ पिव्हा आणि अल्बिनींचे चिरंजीव मार्को अल्बिनी हेही भागीदार झाले. अल्बिनी १ नोव्हेंबर १९७७ रोजी वारले. भुयारी रेल्वे सुरू झाली ती तारीखही हीच. त्यांच्यानंतर हेल्ग यांनी १९८९ मधील आपल्या मृत्यूपर्यंत पिव्हा आणि मार्को अल्बिनी यांच्या साथीने स्टुडिओ चालवला.

आता त्या मांडणीकडे येते. तिचे नाव 'व्हेलिएरो', म्हणजे शिडाचे जहाज. १९४० साली अल्बिनींनी ती स्वतःच्या घरासाठी केली. ॲश लाकडाच्या सडपातळ काठ्या इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या वर फाकत गेलेल्या दोन डोलकाठ्यांच्या रूपात उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये धातूच्या ताणलेल्या तारांवर काचेच्या फळ्या टांगलेल्या आहेत. पाठीमागे भिंत नाही, बाजूला फळकूट नाही. छायाचित्रात ती जादू वाटते. पण नीट पाहिल्यावर उत्तर मिळाले : पुस्तकांचे वजन काचेवर, काचेचे तारांवर, तारांचे वरच्या टोकांवर, आणि तिथून लाकडातून दाबाच्या रूपाने खाली जमिनीत जाते. म्हणजे वजन आधी वर चढते आणि मग उतरते. आपण सुतार मंडळी फळीखाली टेकू देतो, त्यामुळे आपल्या मांडणीत वजन फक्त उतरतच असते. ते आधी वर न्यावे ही कल्पना माझ्या हाताला कधी सुचली नसती. लाकूड दाबाला आणि धातू ताणाला, अशी कामाची वाटणी इतकी स्वच्छ आहे की कोणता भाग का आहे हे लहान मूलसुद्धा बोटाने दाखवू शकेल. कासिना या उत्पादकांनी २०११ साली ही मांडणी पुन्हा बाजारात आणली.

त्याच सुमाराचा त्यांचा रेडिओही असाच. लाकडी पेटी काढून टाकून यंत्राचे भाग त्यांनी दोन काचांच्या मध्ये उभे केले, म्हणजे आवाज कुठून येतो ते दिसावे. 'चिकोन्यीनो' या छोट्या तिवईचा तिसरा पाय मात्र मला सर्वांत जास्त आवडला. तो तबकडीच्या पातळीवर न थांबता तसाच वर जातो, टोकाला बगळ्याच्या मानेसारखा वळतो आणि उचलण्याची मूठ होतो. नावाचा अर्थही करकोच्याचे पिल्लू असाच आहे. एकाच लाकडाने भार घ्यायचा आणि तोच भाग हाताने धरून तिवई खोलीभर न्यायची, या युक्तीचे चित्र मी वहीत तीन बाजूंनी काढून घेतले.

'लुईझा' खुर्चीसमोर मी बराच वेळ बसले. स्टुडिओने तिच्यावर अनेक वर्षे काम केले, एकामागून एक आवृत्त्या केल्या, आणि १९५५ साली तिला 'कंपासो द'ओरो' मिळाला. बैठक आणि पाठ हे दोन वेगळे तुकडे लाकडी सांगाड्यावर स्वतंत्रपणे ठेवलेले आहेत आणि सांधे कुठेही झाकलेले नाहीत. ताईने खुर्चीच्या हातावर हात ठेवून विचारले, "यात एवढी वर्षं घालवण्यासारखं काय आहे?" मी तिला सांगितले की खुर्चीतून एक सूत काढण्यासाठी आधी ते सूत कुठे फुकट आहे ते कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी पुन्हा पुन्हा नमुना करावा लागतो.

तिसरा दिवस : मिलानमधील उरलेले

सकाळी व्हियाले आर्जोन्ने येथील फाबिओ फिल्झी गृहसंकुल पाहिले. १९३५ ते १९३८ या काळात अल्बिनी, कामूस आणि पालान्ती यांनी कामगारांसाठी केलेल्या या समांतर ओळींतील इमारती आजही राहत्या आहेत आणि गॅलरीत कपडे वाळत होते. दुपारी ब्रेराच्या चित्रसंग्रहालयात गेलो. १९४१ साली इथेच एका प्रदर्शनासाठी अल्बिनींनी चित्रे भिंतीवरून काढून सडपातळ उभ्या दांड्यांवर, खोलीच्या मधोमध तरंगती ठेवली होती. त्या मांडणीचा आता मागमूस नाही. परंतु पुढे जिनोआत जे घडले त्याचे बीज इथले आहे.

चौथा दिवस : जिनोआ, राजवाड्यांचा रस्ता

मिलानहून जिनोआला जाणारी गाडी पाव्हिया गावावरून जाते. 'लुईझा' आणि 'चिकोन्यीनो' ज्या पोज्जी कारखान्यात घडल्या तो याच गावचा. अल्बिनी आणि पोज्जी यांचा हा संबंध दीर्घकाळ टिकला आणि माझ्या मते स्टुडिओच्या फर्निचरचे निम्मे श्रेय तिथल्या कारागिरांच्या पटाशीला द्यायला हवे. गाडी थांबली तेवढ्या मिनिटभरात मी खिडकीतून फलाट पाहून घेतला. पुढे पो नदी ओलांडली, डोंगर आले, बोगदे आले, आणि शेवटच्या बोगद्यानंतर उतारावर एकावर एक चढलेली घरे दिसू लागली.

स्त्रादा नुओव्हा, म्हणजे आजची व्हिया गारिबाल्दी, हा सोळाव्या शतकात आखलेला राजवाड्यांचा रस्ता २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या बाँबवर्षावात पलात्सो बिआंको या राजवाड्याचे मोठे नुकसान झाले. नगरपालिकेच्या कलाविभागाच्या प्रमुख कातेरिना मार्चेनारो यांनी त्याच्या पुनर्रचनेचे काम १९४९ साली अल्बिनींकडे सोपवले. त्यांनी जुन्या दालनांतील दिखाऊ सामान बाहेर काढले, अनेक चित्रांच्या नंतरच्या काळातील सोनेरी चौकटी उतरवल्या, आणि चित्रे छताजवळच्या पट्ट्यांतून सोडलेल्या पोलादी दांड्यांवर लावली. यावरून त्या काळी पुष्कळ वाद झाला. प्रेक्षकांना बसण्यासाठी घडीच्या चामडी खुर्च्या ठेवल्या होत्या, ज्या उचलून हव्या त्या चित्रासमोर न्याव्यात.

या संग्रहालयातील सर्वांत धाडसी योजना जोव्हान्नी पिसानो या मध्ययुगीन शिल्पकाराच्या एका शिल्पखंडासाठी होती. सम्राट सातव्या हेन्रीची पत्नी मार्गारेता १३११ साली जिनोआत वारली. तिच्या समाधीसाठी पिसानोने कोरलेला, तिला देवदूत उचलून उठवत आहेत असा संगमरवराचा तुकडा शिल्लक आहे. अल्बिनींनी तो चौथऱ्यावर न ठेवता वर-खाली होणाऱ्या आणि फिरणाऱ्या पोलादी खांबाच्या आधारावर ठेवला. शिल्पाचा विषयच वर उचलले जाणे हा आहे, आणि आधारही तेच करतो. दगडाला यंत्रावर ठेवणे काहींना उद्धटपणाचे वाटले होते, परंतु जुनी छायाचित्रे पाहून मला वाटले की यापेक्षा अधिक आदराने तो दगड हाताळता आला नसता, कारण इथे त्याचे वजन लपवलेले नाही आणि त्याखाली बनावट समाधीही उभी केलेली नाही.

समोरचा पलात्सो रोस्सो १६७० च्या दशकात ब्रिन्योले-साले घराण्याने बांधला आणि १८७४ साली त्यांच्या वारस डचेसने तो शहराला दिला. इथे स्टुडिओचे काम १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे चालले. व्हॅन डाइकने रंगवलेली या घराण्यातील माणसांची चित्रे पाहून मी जिन्याकडे वळले. आठ बाजूंचा, वळत वर जाणारा पोलादी जिना दांड्यांवर टांगलेला आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर लाल आच्छादन आहे. इथे मी पुन्हा वडिलांचा प्रश्न विचारला आणि उत्तर 'व्हेलिएरो'चेच आले : माणसांचे वजन आधी वर जाते. त्याच्या बरीच वर्षे आधी दहा-वीस पुस्तकांसाठी केलेली कल्पना इथे माणसांना पेलत होती. उतरताना मी मुद्दाम सावकाश आले आणि प्रत्येक वळणावर दांडी पायरीला जिथे भेटते ती जागा बोटाने चाचपली. पहारेकरी बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या.

संध्याकाळी बंदरावर गेलो. या बंदराचे १९९२ मधील रूप देणारे रेंझो पियानो हे जिनोआचेच, आणि विद्यार्थिदशेत त्यांनी अल्बिनींच्या स्टुडिओत उमेदवारी केली होती.

पाचवा दिवस : सान लोरेन्झोचा गाभारा

सान लोरेन्झोच्या कॅथेड्रलमध्ये शिरताच उजवीकडे तोफेचा एक प्रचंड गोळा उभा दिसतो. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश नौदलाने केलेल्या माऱ्यात तो आत आला आणि फुटला नाही. तो पाहून मग आम्ही खजिन्याच्या संग्रहालयाकडे गेलो.

हे संग्रहालय १९५२ ते १९५६ या काळात अल्बिनी आणि हेल्ग यांनी शेजारच्या आर्चबिशपांच्या वाड्याच्या अंगणाखाली, जमिनीच्या पोटात बांधले. चार दिवस मी अधांतरी ठेवलेल्या वस्तू पाहत होते, आणि आता तोच स्टुडिओ मला खाली, अंधाराकडे नेत होता. पायऱ्या उतरल्यावर षट्कोनी मधली जागा लागते आणि तिच्याभोवती वेगवेगळ्या व्यासांची गोल दालने आहेत, प्राचीन ग्रीक गोल समाध्यांसारखी. भिंती आणि जमीन प्रोमोन्तोरिओच्या करड्या दगडाची आहे. वर पाहिले की काँक्रीटच्या तुळया चाकाच्या आऱ्यांप्रमाणे केंद्राकडे धावताना दिसतात. अंगणाचे सगळे वजन या तुळयांतून गोल भिंतीत आणि भिंतीतून खडकात जाते, आणि ही गोष्ट गिलाव्याखाली झाकलेली नाही. राजवाड्यात जे तारांनी सांगितले ते इथे दगडाने सांगितले आहे, इतकाच काय तो फरक. तोपर्यंत मला वाटत होते की हलकेपणा हाच या स्टुडिओचा धर्म आहे, पण तसे नव्हते. वजन हलके असो वा अवजड, त्याची वाट पाहणाऱ्याला दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आत दिव्यांचा प्रकाश केवळ वस्तूंवर पडतो. सेंट जॉन बाप्टिस्टच्या अस्थींची पेटी, झक्कारिया घराण्याचा रत्नजडित क्रूस, आणि एका दालनात 'साक्रो कातीनो' हे हिरव्या काचेचे षट्कोनी पात्र. धर्मयुद्धाच्या काळात, ११०१ साली, सिझेरिया शहरातून ते जिनोआत आले अशी परंपरा आहे. शतकानुशतके लोक ते अखंड पाचूचे मानत होते. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला नेले गेले आणि १८१६ साली तुटलेल्या अवस्थेत परत आले. मधल्या जागेचा षट्कोन या पात्रावरूनच सुचला असावा, असे मला तिथे उभे राहून वाटले.

ताई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्यासारखं वाटतंय गं." मलाही तेच वाटले होते. थंडावा, दगडाचा वास, अंधारात एकाच ठिकाणी एकवटलेला उजेड, आणि आवाज आपोआप खाली येणे. आम्ही दोघी कोल्हापूरच्या असल्यामुळे आम्हाला दुसरी तुलना सुचणे शक्यच नव्हते. आम्ही एकूण दोन तास आत होतो. त्यांतील शेवटचा अर्धा तास मी फक्त दोन गोल दालनांच्या मधल्या सांध्यात, जिथे एक वर्तुळ संपून षट्कोनाची बाजू सुरू होते तिथे, दगड कसा कापून बसवला आहे ते पाहण्यात घालवला. दोन भूमिती एकमेकींना भेटतात तिथे कारागिराची खरी परीक्षा असते, आणि इथे झाकण्यासाठी एकही पट्टी मारलेली नाही.

सहावा दिवस : रोमच्या वाटेवर

ताईची रजा संपली होती, ती मिलानला परतली. मी समुद्राच्या कडेने, ला स्पेझिया आणि पीसा मार्गे जाणारी रोमची गाडी घेतली. दिवस प्रवासात गेला. जिनोआतील चित्रे वहीत पक्की केली.

सातवा दिवस : पियात्सा फिऊमे

रोमला मी एकाच इमारतीसाठी आले होते. पियात्सा फिऊमेच्या कोपऱ्यावरील 'ला रिनाशेन्ते' हे मोठे दुकान अल्बिनी आणि हेल्ग यांनी १९५७ ते १९६१ या काळात उभे केले. समोर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील ऑरेलियन तटबंदी आहे, आणि तिच्याजवळ खिडक्या नसलेला एवढा मोठा ठोकळा बांधायचा म्हणजे अवघड काम. त्यांनी पोलादी सांगाडा बाहेर ठेवला. प्रत्येक मजल्याच्या तुळयांची टोके दर्शनी भागातून बाहेर आलेली दिसतात, जशी आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या तुळयांची टोके भिंतीबाहेर डोकावतात. त्या सांगाड्यात लालसर खडीच्या तयार तक्त्यांच्या भिंती बसवल्या आहेत, आणि या भिंती सपाट नसून त्यांना उभ्या घड्या आहेत. लांबून त्या शोभेसाठी वाटतात. प्रत्यक्षात त्या घड्यांच्या पोकळीतून वातानुकूलनाच्या नळ्या वर चढतात. वजनाची वाट जशी दाखवायची, तशी हवेचीही. नळ्या आत घेऊन दुकानाची जागा खायची नाही आणि बाहेर उघड्या टाकून रस्ता विद्रूप करायचा नाही, म्हणून भिंतच तेवढी दुमडली. आणि दुपारी ऊन तिरके झाले तेव्हा त्या घड्यांच्या सावल्यांनी सगळी भिंत तटबंदीच्या विटांइतकी जिवंत झाली.

आत गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी जिन्याने वरपर्यंत जाऊन खाली आले, कठड्यावर हात ठेवून, आणि मग रस्ता ओलांडून तटबंदीच्या सावलीत बसले. दिवे लागेपर्यंत मी तुळयांच्या टोकांचे चित्र काढत होते. मुख्य तुळई दुय्यम तुळईला जिथे भेटते तो सांधा दोनदा चुकला, म्हणून पुन्हा रस्ता ओलांडून भिंतीखाली गेले, मान वर करून तो नीट पाहिला आणि तिथेच उभ्याने तिसऱ्यांदा काढला. मग वडिलांना दूरध्वनी केला. कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी ते जागे होते. मी सांगू लागले तेव्हा त्यांनी मध्येच विचारले, "तुळई बाहेर काढलीय म्हणतीस, मग पाण्यापावसाचं काय केलंय त्यांनी?" मला ते सांगता आले नाही. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे होते, त्यामुळे सकाळी आठ वाजता मी वही घेऊन पुन्हा पियात्सा फिऊमेला गेले.